विश्व कोवळं असतानाच काही दीर्घिकांत तारे घडणं का थांबलं?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद हायस्कूलच्या विज्ञानाच्या मॅडमनी पाठवला आहे. नववी-दहावीच्या मुलांना त्या जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीबद्दल सांगत होत्या, तेव्हा मुलांनी विचारलं: विश्व तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, हायड्रोजनला तोटा नव्हता, मग काही दीर्घिकांत तारे बनणं तेव्हाच बंद कसं पडलं? इतक्या लांबून ते बंद पडलं हे कळतं तरी कसं? आणि एका मुलीनं पुढचं विचारलं: बंद पडलेली दीर्घिका पुन्हा सुरू होते का?

मॅडम, तुमची मुलं नेमकी तिथेच अडली आहेत जिथे आमचं सगळं क्षेत्र सध्या अडलं आहे. मी दूरच्या दीर्घिकांचे वर्णपट, म्हणजे रंगारंगांत उलगडलेला त्यांचा प्रकाश, वाचण्याचं काम करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो कळला नाही तर पहिल्याचं उत्तर नुसती गोष्ट होऊन बसेल.

आपल्याकडे मृगाचा पाऊस झाला की एकाच वावरात मूग, सोयाबीन आणि तूर ओळीओळीनं पेरतात. मूग सत्तर-एक दिवसांत निघतो, सोयाबीन शंभर दिवसांच्या पुढे, तूर मात्र पौषापर्यंत उभी असते. आता एखाद्या वावरात फक्त तूर उभी आहे, मूग-सोयाबीनचा मागमूस नाही, तर धुऱ्यावर उभा राहून कोणीही सांगेल की इथली पेरणी होऊन पाचेक महिने झाले आणि मधल्या काळात नवं काही पेरलेलं नाही. मालकाला विचारायचीही गरज नाही. दीर्घिकेत शेवटचे तारे कधी जन्मले हे आम्ही असंच काढतो.

तारे जन्मतात तेव्हा लहान-मोठे सगळे एकदम जन्मतात. सूर्याच्या वीस-तीस पट वस्तुमानाचे तारे निळे आणि प्रचंड तेजस्वी असतात, पण कोटभर वर्षांच्या आत संपतात. सूर्याच्या दोन-अडीच पट असलेले तारे पन्नास ते शंभर कोटी वर्षं टिकतात. आपला सूर्य साधारण १००० कोटी वर्षांचा धनी. म्हणून एखाद्या दीर्घिकेत कोणत्या जातीचे तारे शिल्लक आहेत हे कळलं, की शेवटची पेरणी कधीची ते कळतं.

ते कळतं वर्णपटातून. अतितप्त निळे तारे आजूबाजूच्या हायड्रोजनला पेटता ठेवतात आणि तो हायड्रोजन ६५६३ अँगस्ट्रॉम या तरंगलांबीला लाल प्रकाश टाकतो. वर्णपटात तिथे उंच सुळका दिसतो. सुळका आहे म्हणजे नवे तारे बनत आहेत. निळे तारे संपले की सुळका जातो. मागे राहतात व्याधाच्या जातीचे पांढरे तारे, ज्यांच्या पृष्ठभागाचं तापमान दहा हजार अंशांच्या आसपास असतं. नेमक्या त्याच तापमानाला ताऱ्याच्या वातावरणातला हायड्रोजन प्रकाश सगळ्यात जास्त शोषतो. त्यामुळे आता सुळक्यांऐवजी खोल खाचा दिसतात, एकीजवळ एक, निळ्या बाजूला गर्दी करत जाणाऱ्या. ज्या वर्णपटात सुळका नाही आणि खाचा खोल आहेत, तिथे तारे घडणं प्रकाश निघण्याच्या दहा ते शंभर कोटी वर्षं आधी थांबलेलं असतं. हिवाळ्यात मुलांना व्याध दाखवाल तेव्हा हे जरूर सांगा. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचं वय ठरवायला आम्ही जे तारे वापरतो, त्यांच्या जातीचा हा सगळ्यात जवळचा नमुना आहे.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. फोरनॅक्स तारकासमूहात जीएस-९२०९ नावाची दीर्घिका आहे. वेबच्या वर्णपटाचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. तिचा आपल्याला दिसणारा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय १२५ कोटी वर्षं होतं. आज ते १३८० कोटी आहे. मधल्या काळात विश्व इतकं प्रसरण पावलं की प्रकाशाची लांबी साडेपाच पटींहून अधिक ताणली गेली. ६५६३ अँगस्ट्रॉमचा सुळका जिथे शोधायचा ती जागा सरकून ३.७ मायक्रॉनला (एक मायक्रॉन म्हणजे १०,००० अँगस्ट्रॉम) गेली, म्हणजे थेट अवरक्तात. तिथे जमिनीवरून बघणं फार कठीण, कारण हवा आणि दुर्बीण स्वतःच त्या प्रकाशात चमकत असतात. वेबचा साडेसहा मीटरचा आरसा पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सावलीत, उणे २२० अंश सेल्सिअसच्याही खाली ठेवला आहे तो याचसाठी.

त्या वर्णपटात खाचा इतक्या स्वच्छ आल्या की हिशेब मांडता आला. सुमारे ३८०० कोटी सूर्यांइतके तारे, आणि ते जवळजवळ सगळे वीस कोटी वर्षांच्या एका झपाट्यात बनलेले. म्हणजे वर्षाला सरासरी दोनशेच्या आसपास सूर्य. आपली आकाशगंगा आज वर्षाला एक-दोन सूर्यांपुरतंच घडवते. मग विश्वाचं वय ८० कोटी वर्षांच्या आसपास असताना सगळं थांबलं. आपल्याला दिसते तोवर ती जवळजवळ ४५ कोटी वर्षं शांत बसलेली होती. एवढे तारे असून आकार मात्र आकाशगंगेच्या मानानं फारच छोटा. आणि मधोमध सुमारे ५० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर. तिथे ६५६३ ला जो थोडाफार प्रकाश मिळाला तो रुंद पसरलेला होता. ताऱ्यांभोवतीचा वायू असा पसरट सुळका देत नाही, कृष्णविवराभोवती हजारो किलोमीटर सेकंदाच्या वेगानं फिरणारा वायू देतो. हे कृष्णविवर लक्षात ठेवा.

वयाच्या हिशेबात एक मोठी फसगत होऊ शकते, ती मुलांना सांगाच. जुन्या ताऱ्यांमुळे दीर्घिका लाल दिसते, पण धुळीमुळेही लाल दिसते. चैतात वावटळ उठली की मावळता सूर्य लालबुंद होतो, तो काही म्हातारा झालेला नसतो. धुळीत तारे जोरात घडत असले तरी बाहेरून सगळं शांत भासू शकतं. झेडएफ-कॉसमॉस-२०११५ या दीर्घिकेबाबत हा वाद प्रत्यक्ष झाला. विश्वाचं वय १६०-१७० कोटी असतानाची ही भारदस्त दीर्घिका थांबलेली आहे असं २०१७ साली जाहीर झालं. लगोलग दुसऱ्या गटानं दाखवलं की तिथून तापलेल्या धुळीचं प्रारण येतं आहे, तर ती थांबलेली कशी? शेवटी चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या अल्मा दुर्बिणींच्या समूहानं बारीक नजरेनं पाहिलं तेव्हा उलगडा झाला. धुळीचं प्रारण तिचं नव्हतंच. तिला अगदी खेटून दुसरी, धुळीनं पूर्ण झाकलेली दीर्घिका होती. मूळची खरोखरच शांत होती. म्हणून आज नुसत्या रंगावरून कोणी ‘थांबली’ म्हटलं तर मी ते धरून चालत नाही. खाचा दाखवा, नाहीतर धूळ नाही हे दाखवा.

आता पहिला प्रश्न. इथे बहुतेक वाचक एक गोष्ट गृहीत धरतात: वायू संपला म्हणून तारे थांबले. हे अर्धंच खरं आहे. तारा बनायला वायू नुसता असून भागत नाही, तो थंड असावा लागतो. ज्या ढगांत तारे जन्मतात ते उणे २६० अंशांच्या आसपास असतात. तिथे वायूचा स्वतःचा दाब इतका कमी असतो की गुरुत्वाकर्षण त्याला चुरगळून गोळा करू शकतं. तोच वायू दहा लाख अंशांना तापलेला असेल तर कितीही असला तरी त्याचा तारा होत नाही. तेव्हा दीर्घिका थांबायची तर दोन कामं व्हावी लागतात. हाताशी असलेला थंड वायू जायला हवा, वापरून किंवा हाकलून. आणि बाहेरून पुन्हा थंड वायू येऊन साचणार नाही, याची सोय व्हायला हवी. मला विचाराल तर दुसरं काम जास्त अवघड आणि पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे. लेखांमध्ये चर्चा मात्र नेहमी पहिल्याचीच होते, कारण हाकलणं चित्रात छान दिसतं.

दीर्घिकेला बाहेरून पुरवठा लागतो याचा फार चांगला पुरावा आपल्या महाराष्ट्रातूनच आला. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेचे आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी तिथून ७,६५३ दीर्घिकांचे हायड्रोजनचे संकेत एकावर एक रचून बेरीज केली आणि ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत अणुरूप हायड्रोजन किती होता ते २०२० साली मोजलं. एकेकटा संकेत इतका क्षीण होता की गोंधळात हरवून जात होता, बेरजेतून तो वर आला. निघालेलं उत्तर असं की ज्या वेगानं त्या दीर्घिका तारे घडवत होत्या, त्या वेगानं तो वायू शंभर-दोनशे कोटी वर्षंच पुरला असता. म्हणजे भरभराटीच्या काळातही दीर्घिकेची कोठी कायम भरत राहावी लागते. भरणं बंद झालं की थांबणं अटळ.

मग भरणं बंद कशानं होतं? आजच्या विश्वात याची बरीच कारणं सापडतात. दीर्घिकांच्या मोठ्या पुंजक्यात शिरलेली दीर्घिका तिथल्या तप्त वायूतून वेगानं जाते तेव्हा तिचा वायू खरवडून निघतो. किंवा नवा पुरवठा तुटतो आणि उरलासुरला वायू वापरत दीर्घिका हळूहळू विझते. ताऱ्यांमधल्या जड मूलद्रव्यांचं प्रमाण पाहून २०१५ साली असं दाखवलं गेलं की आपल्या जवळच्या बऱ्याच दीर्घिका अशा विझल्या आणि त्याला साधारण ४०० कोटी वर्षं लागली. आता हा आकडा जीएस-९२०९ शेजारी ठेवा. ती दिसते तेव्हा विश्वाचंच वय १२५ कोटी होतं. ४०० कोटी वर्षं लागणारी पद्धत तिथे बसतच नाही. मोठे, तप्त वायूनं भरलेले पुंजकेही तेव्हा अजून जमायचे होते. त्यामुळे सुरुवातीच्या काळातल्या थांबण्याला कारण हवं ते जलद आणि दीर्घिकेच्या आतलंच.

आतलं पहिलं कारण ताऱ्यांचा मृत्यू. मोठे तारे जन्मानंतर तीस-चाळीस लाख वर्षांतच अतिनवतारा म्हणून फुटू लागतात आणि वायू ढकलून देतात. लहान दीर्घिकेचं गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून तिथे एवढं पुरतं. वेबनं विश्वाच्या ७० कोटी वर्षांच्या वयातली अशी एक दीर्घिका पकडली. वेबच्याच जेड्स सर्वेक्षणातली ही दीर्घिका आकाशगंगेपुढे अगदीच किरकोळ आहे आणि तिच्यातली ताऱ्यांची घडण प्रकाश निघण्याच्या एक-दोन कोटी वर्षंच आधी थांबली होती. माझ्या मते हिला ‘थांबलेली’ म्हणणं घाईचं आहे. ढकललेला वायू परत खाली पडतो आणि अशी दीर्घिका पुन्हा पेटते. हा दोन बहरांमधला विसावा.

खरं कोडं आहे ते जड दीर्घिकांचं. त्याच सुमारची, विश्वाच्या ७० कोटी वर्षांच्या वयातलीच, दुसरी एक दीर्घिका वेबच्या रुबीज सर्वेक्षणात सापडली, तीत दीड हजार कोटी सूर्यांच्या आसपासचे तारे आहेत आणि घडण प्रकाश निघण्याच्या पाच ते दहा कोटी वर्षं आधी थांबलेली. एवढ्या गुरुत्वाकर्षणातून वायू बाहेर काढणं अतिनवताऱ्यांना सहसा झेपत नाही. जड दीर्घिकेभोवती न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचं मोठं वेटोळं, म्हणजे प्रभामंडल असतं; त्यात पडणारा वायू धडकेनं लाखो अंश तापतो हे खरं, आणि आजच्या विश्वात ते फार कामी येतं. पण तेव्हा सगळं दाट होतं. दाट वायू लवकर थंड होतो, आणि थंड वायूचे प्रवाह तप्त भागाला भेदून थेट आत पोचू शकत होते. म्हणून तेवढ्यावर भागत नाही.

उरतं कृष्णविवर. इथे मुलांना हिशेब करायला लावा, दहावीच्या मुलांना जमतो. कृष्णविवरात पडणाऱ्या वायूच्या वस्तुमानाचा साधारण दहावा हिस्सा पडता-पडता ऊर्जा होऊन बाहेर येतो. सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना फक्त ०.७ टक्का येतो. ५० कोटी सूर्यांचं कृष्णविवर वाढताना पाच कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतकी ऊर्जा सोडतं. वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग करा. मग जीएस-९२०९ एवढ्या दीर्घिकेतला सगळा वायू, तो ताऱ्यांइतकाच आणि त्याचा वेग सेकंदाला २५० किलोमीटर धरून, तिच्या पकडीतून सोडवायला किती ऊर्जा लागेल ते काढा. कृष्णविवराची ऊर्जा हजाराहून अधिक पटींनी जास्त निघेल. म्हणजे तिचा एक टक्का जरी वायूला लागला तरी दीर्घिका रिकामी होऊ शकते. ऊर्जा आहे की नाही, हा वाद म्हणून उरतच नाही. वाद आहे तो ती ऊर्जा वायूला पोचते कशी, याचा.

पोचते याचा एक पुरावा मला फार आवडतो. विश्वाचं वय २०० कोटींच्या आसपास असतानाची जीएस-१०५७८ ही दीर्घिका. सुमारे २०,००० कोटी सूर्यांची, बहुतांश थांबलेली, मध्यात चालू कृष्णविवर. वेबनं तिच्या वर्णपटात सोडियमची खाच पाहिली. रस्त्यावर पूर्वी जे पिवळे दिवे असत, त्याच सोडियमची, ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉमची जोडी, फक्त ताणून २.४ मायक्रॉनला गेलेली. सोडियम असा शोषण करतो म्हणजे तिथे थंड वायू आहे. तप्त वायूत तो टिकत नाही. आणि ती खाच जिथे असायला हवी त्याच्या निळ्या बाजूला सरकलेली होती, म्हणजे वायू आपल्या दिशेनं, दीर्घिकेतून बाहेर येत होता, सेकंदाला १००० किलोमीटरच्या घरातल्या वेगानं. तारे ज्याचे बनतात तोच थंड वायू, तारे बनण्याच्या दरापेक्षा जास्त दरानं बाहेर चालला होता. यापूर्वी आम्हाला बाहेर जाणारा तप्त, चमकणारा वायू दिसे, पण तो वजनानं थोडा असतो. तेवढ्यानं दीर्घिका थांबेल का, ही शंका राहायची. वजनदार भाग अंधारात होता, तो सोडियमनं दाखवला.

तरीही कृष्णविवरानं एका फटक्यात दीर्घिका बंद पाडली असं चित्र मुलांपुढे उभं करू नका. हाकललेला वायू परत येऊ शकतो. पुन्हा पुन्हा जागं होणारं कृष्णविवर भोवतालचा वायू तापता ठेवत असेल, तरच थांबणं पक्कं होतं. हे काम जवळच्या विश्वात प्रत्यक्ष दिसतं. पर्सियस पुंजक्यातल्या एनजीसी १२७५ या दीर्घिकेच्या कृष्णविवरानं भोवतीच्या तप्त वायूत प्रचंड बुडबुडे फुगवलेले चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीनं टिपले आहेत, आणि त्यातून जाणाऱ्या दाबाच्या लहरीही. त्या लहरी वायूला निवू देत नाहीत. पहिल्या शंभर कोटी वर्षांत हेच घडत होतं का, हे दाखवणारं निरीक्षण अजून हाती नाही. आणि संगणकात विश्व घडवणारी आमची प्रारूपं विचाराल, तर वेबला दिसतात तितक्या लवकर थांबलेल्या जड दीर्घिका त्यांतून निघत नाहीत. प्रारूपांत ताऱ्यांची घडण पुरेशी झपाट्यानं होत नाही, की कृष्णविवरं पुरेशी लवकर वाढत नाहीत? मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं.

आणखी एक गैरसमज टाळा. त्या काळात सगळ्याच दीर्घिका थांबत होत्या असं नाही. थांबणाऱ्या फार थोड्या. एनसीआरएच्याच राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या चित्रांत शोधलेली अलकनंदा ही दीर्घिका विश्वाच्या १५० कोटी वर्षांच्या वयातली आहे. दोन रेखीव सर्पिल भुजा, आणि वर्षाला साठेक सूर्यांइतके तारे घडत असलेले. एकूण विश्वात ताऱ्यांच्या घडणीचा सर्वांत भरभराटीचा काळ तर त्याच्याही नंतर, महास्फोटानंतर तीनशे-साडेतीनशे कोटी वर्षांनी आला. म्हणूनच लवकर थांबलेल्या त्या थोड्या दीर्घिका इतक्या खटकतात. भोवती सगळं जोमात असताना त्या थांबल्या.

मुलांना थांबलेली दीर्घिका स्वतः बघायची असेल तर चार इंची दुर्बीण मिळवा. एम-८७ कन्या राशीत आहे, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर. मार्चमध्ये रात्री दहानंतर पूर्वेला चांगली वर येते. एप्रिल-मेची वाट पाहू नका, तेव्हा आपल्याकडे हवेत धूळ असते. गावाबाहेर, अमावास्येच्या आसपास, कापसाच्या बोंडाएवढी नव्हे तर त्याहून कितीतरी लहान पुसट ठिपक्यासारखी दिसेल, भुजा नाहीत, रचना नाही. तिच्या मध्यातल्या ६५० कोटी सूर्यांच्या कृष्णविवराच्या सावलीचं चित्र २०१९ साली प्रसिद्ध झालं, ते छापून सोबत ठेवा. जीएस-९२०९ सारख्या आटोपशीर दीर्घिकांभोवती पुढे लहान दीर्घिका येऊन मिसळत गेल्या आणि आजच्या अशा महाकाय, गोलसर दीर्घिका झाल्या, असं आम्ही मानतो.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. हो, पुन्हा सुरू होऊ शकते. लहान दीर्घिका तर बऱ्याचदा. जड दीर्घिकेतही वायूनं भरलेली शेजारीण येऊन मिसळली तर थोडे तारे पुन्हा घडतात. एनजीसी १२७५ च्या भोवती निवलेल्या वायूच्या लांबच लांब दोऱ्या आहेत आणि त्यात काही ठिकाणी तरुण तारे आहेत. पण पूर्वीसारखा जोम परत आलेला आम्हाला सहसा दिसत नाही. जीएस-९२०९ चं पुढे काय झालं हे तिच्याकडे बघून कधीच कळणार नाही, तिचा पुढचा प्रकाश अजून वाटेत आहे. त्यासाठी वेगवेगळ्या वयांच्या विश्वातल्या थांबलेल्या दीर्घिका मोजायच्या. थांबलेल्या एकदा थांबल्या की थांबल्याच राहत असतील, तर त्यांची संख्या काळाबरोबर फक्त वाढत जायला हवी, आणि नंतरच्या काळातल्यांच्या ताऱ्यांमध्ये जुनी पेरणीच दिसायला हवी, मधे नवी नाही. वेबच्या वर्णपटयंत्रात सुमारे अडीच लाख चिमुकल्या झडपा आहेत. त्या हव्या तशा उघडून एका वेळी शंभरावर दीर्घिकांचे वर्णपट घेता येतात, तेव्हा ही मोजणी आता खरोखर सुरू झाली आहे. त्याच दीर्घिकांत थंड वायू किती उरला आहे ते अल्मा बघते आहे. वायू मुळीच नसेल तर तो गेला कुठे हे शोधायचं. आणि वायू असूनही तारे नसतील, तर त्याला निवू न देणारं काय आहे ते. त्या मुलीला गणित आवडत असेल तर वर दिलेला कृष्णविवराचा हिशेब तिच्याकडूनच करून घ्या आणि उत्तर मला कळवा.